मी विमानात असताना अप्पांजवळ कोण बसलं होतं?

अशा गोष्टी मी आजवर करमणूक म्हणूनच वाचल्या. विश्वास वगैरे कधीच नव्हता. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण आमच्या घरात हा विषय अजून मिटलेला नाही.

मी बेंगळुरूला नोकरी करते. माहेर हुमनाबादजवळचं निर्णा. रेल्वेने जायचं तर अख्खी रात्र जाते. विमानाने मात्र गुलबर्गा तास-सव्वा तासावर, आणि तिथून गाडीने दोनेक तास. माझे वडील, अप्पा, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा फोन आला.

"अप्पा तुझंच नाव घ्यायलेत. लगेच ये."

दुसऱ्या दिवशीचं सकाळचं विमान मिळालं. पण धुक्यामुळे ते जागचं हलेना. पट्टा बांधून, फोन बंद करून आम्ही सगळे बसून राहिलो. मी मनात एकच म्हणत होते — अप्पा, थांबा, मी आलेच. शेवटी एकदाचं उडालं. माझा डोळा क्षणभरही लागला नव्हता, हे मुद्दाम सांगते.

गुलबर्ग्याला उतरून फोन चालू केला. घरून एकही मिस्ड कॉल नाही. जीव भांड्यात पडला. टॅक्सी केली आणि निघाले.

घरासमोर माणसं जमली होती. अप्पांना ओसरीवर ठेवलं होतं... मी तिथेच खाली बसले. वहिनीने येऊन खांदा धरला.

"कुठं गेल्तीस गं? हात धुते म्हणून गेलीस ती गेलीसच. मागं एकटीच रडत बसली आसशील म्हणून कुणी हाक मारलो न्हाई."

"वहिनी, मी आत्ता येतेय."

"आसं कामून बोलायलीस? तूच पाणी पाजलीस की. तुझा हात धरूनच गेले अप्पा."

अण्णाने पाहिलं होतं. शेजारच्या काकूंनीही. अंगणात ऊन आलं तेव्हा मी आले म्हणे, अंगावर मी आत्ता घालून आले होते तोच पिवळा ड्रेस. थेट अप्पांच्या उशाशी बसले. अप्पांनी माझं डोकं जवळ ओढून कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी मान हलवली.

त्या वेळी तर आमचं विमान बेंगळुरूतच उभं होतं.

अण्णाने टॅक्सीवाल्याला कन्नडमधून खोदून खोदून विचारलं. त्याने सरळ सांगितलं — विमानतळावरून आणलं, वाटेत कुठे थांबलो नाही. अण्णाने त्याचं भाडं दिलं आणि पुढच्या तयारीला लागला.

दिवस-कार्य झाल्यावर मात्र त्याने मला बाजूला घेतलं.

"अप्पा तुला काय म्हणले?"

"अण्णा, ती मी नव्हते."

"मी माझ्या डोळ्यानं बघितलोय. सांगायचं नसंल तर तसं बोल."

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. वहिनी म्हणते, "अप्पा समाधानानं गेले, तेवढं धर." धरायला बघते... पण जमत नाही. त्यांचे शेवटचे शब्द माझ्यासाठी होते, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी ऐकून घेतले. कुणी, ते मला आजही माहीत नाही.