दोघांचा एक पट्टा

बोलताना नम्रता समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायची. चहा अर्धा ठेवून उठायची. कुणी फोन पालथा ठेवला की जाता जाता सुलटा करायची, मग तो कुणाचाही असो. गाडीत खिडकी मिळाली तरी दाराशी उभी राहायची. ओढणीचं टोक पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती. कुणी विचारलं, कशी आहेस, तर म्हणायची, "तू सांग."

कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातली ही मुलगी. घरचे मिठागरावर राबणारे. पेणला कॉलेज करून मानसशास्त्रात बी.ए. झाली आणि एका संस्थेच्या कामाला लागली. पेण ते रोहा या भागातल्या पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर किती ताण असतो, याचा अभ्यास चालला होता. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला मनगटाला बांधायचा एक पट्टा मिळायचा. तो झोप मोजायचा, छातीचे ठोके मोजायचा. फोनवरचं अ‍ॅप दिवसातून काही वेळा विचारायचं, आत्ता कसं वाटतंय? खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रडका दाबला की अ‍ॅप सावकाश श्वास घ्यायला शिकवायचं. आणि कुणाचं फारच बिनसलं, तर नम्रताच्या फोनवर त्याच्या नावापुढे लाल ठिपका उमटायचा. मग तिनं फोन करायचा. जमलं नाही तर जाऊन भेटायचं.

ती सारखी जात होती. सकाळी पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणाऱ्या मुली, दुपारी नागोठण्याचं कॉलेज, संध्याकाळी धाटावच्या केमिकल कंपन्यांतली शिफ्टची पोरं. ही शिफ्टची पोरं तिला बघितलं की छातीवर हात ठेवून ऑ ऑ करत खाली बसायची. ती हसायची आणि मनगट बघायची. घरी आई म्हणायची, "जगाची धडधड मोजतं आमचं पोर. सोताचा भात पार निवला."

निकेशच्या नावापुढचा ठिपका मात्र जाईना.

निकेश धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. चेहरे विचारले की पठ्ठ्या दर वेळी हसराच दाबायचा. पण पट्टा वेगळंच सांगत होता. झोपेत ठोके एकदम चढायचे, कुणी मागे लागल्यासारखे. नम्रतानं फोन केला. निकेश म्हणाला, मी मस्त हाय, मशीन बिघडलं असंल. ती रोह्याला जाऊन भेटली. गडी वडापाव खात होता, गाल वर आलेले, पडल्या पडल्या घोरतो असं स्वतःच सांगत होता. तिला काही समजेना. तिच्या वरच्या दीना मॅडम फोनवर म्हणाल्या, हसरा दाबणाऱ्यांचीच भीती बाळग. दीना मॅडम इथल्याच, बेने इस्रायली ज्यू. त्यांचं सगळं गोत इस्रायलला गेलं, त्या राहिल्या. उगाच घाबरवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

नम्रताला झोप लागेना. आपल्या यादीतला पोरगा आतून खचतोय आणि आपण वडापाव बघून परत आलो, हे तिला टोचत राहिलं.

एके दिवशी ती न सांगता त्याच्या रोह्यातल्या खोलीवर गेली. निकेश कामावर होता. दार दुसऱ्याच कुणी उघडलं. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याच्या मनगटावर निकेशचा पट्टा होता.

हा पोपट. निकेशचा खोलीतला जोडीदार, त्याच कंपनीत, उलट्या शिफ्टला. खोलीत खाट एकच. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. उशी एक, डबा एक, मोटरसायकल एक. कंपनीच्या गेटवर बॅटरीचं काहीही आत नेऊ देत नाहीत. आत वाफा असतात, ठिणगी चालत नाही. म्हणून निकेशचा पट्टा आठ तास गेटवरच्या कप्प्यात पडून राहायचा. त्याला ते बरं वाटेना. मॅडमनी विश्वासानं दिलेली वस्तू, फुकट पडून कशी ठेवायची? मग खाटेसारखा पट्टाही पाळीनं वापरायला घेतला. जो खाटेवर, त्याच्या हातात.

निकेशला नंतर याचा अभिमानच होता. म्हणाला, "बगा मॅडम, एक खाडा नाय पडला."

म्हणजे धडधडत होता तो पोपट. नम्रता उंबऱ्यातच बसली. पोपट आपणहून बोलायला लागला. उन्हाळ्यात कंपनीत गॅसचा एक पाइप सुटला होता. शेजारी काम करणारा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत कोसळला. तो वाचला, गावी गेला. पोपट राहिला.

"डोला लागला का वास येतो," तो म्हणाला. "उटलो का नाय येत. परवा शिफ्टला गेलोच नाय. नदीवर जाऊन बसलो. परत यावं आसं वाटत नव्हतं."

"मग आलास कसा?"

"निकेशला गाडीची चावी द्यायची व्हती."

पोपटचं वय अभ्यासात बसत नव्हतं. त्याचं नाव कुठंच नव्हतं. खरं सांगावं तर निकेशचे सगळे आकडे बाद, पट्टा परत, आणि पोपटची धडधड ज्याला ठाऊक होती ते एकुलतं यंत्रही जाणार. न सांगावं तर ठिपका रोज दिसत राहणार, चुकीच्या माणसाच्या नावापुढे. शिफ्टवरून आलेल्या निकेशनं हात जोडले. माझं नाव कापा, पण पट्टा त्याच्या हाताला राहू द्या, म्हणाला. परतीच्या वाटेवर नागोठण्याला ती उतरली, फलाटावर येरझारा घातल्या, आणि उभ्या उभ्याच दीना मॅडमना सगळं सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "आकडे बाद. माणूस नाही." पट्टा परत घ्यावाच लागेल, ज्याची संमती नाही त्याला मोजता येत नाही. पण अलिबागच्या सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांशी मी आजच बोलते. त्याला घेऊन जा, आणि तोवर एकटा ठेवू नका.

निकेशनं सुट्टी टाकली. पण पोपट हटून बसला. मी येडा नाय, मी येणार नाय.

निकेश म्हणाला, "मी पन येतो ना लेका. खाट एक, डबा एक, डाक्टर पन एकच करू. आदी कोन जानार, टॉस कर."

पोपटला हसू आलं. नम्रतानं त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. वडखळला ती दोघांना भेटली आणि तिघं अलिबागच्या गाडीत बसली. डॉक्टरांनी खूप वेळ ऐकलं, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. पोपट पुन्हा गेलाही. पट्टा नम्रतानं काढून घेतला तेव्हा त्याच्या मनगटावर पांढरा वळ राहिला होता.

ठिपका गेला. आणि तिचं सैरभैर होणं वाढलं. आता कळणार कसं? कधीही फोन कर, असं तिनं पोपटला सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, फोन करून बोलायचं काय, तेच सुदरत नाय." निकेशकडून खबर यायची, बरा हाय. तरी ती दर थोड्या वेळानं फोनचा रिकामा पडदा बघायची.

त्याच सुमारास दीना मॅडमनी तिला नवं काम दिलं. लिहिलेला प्रश्न पोरं वाचतच नाहीत, नुसता चेहरा दाबतात. तर अ‍ॅपमधले सगळे प्रश्न इथल्या बोलीत, तुझ्या आवाजात बोलून पाठव. नम्रता घरात गोधड्यांच्या कोपऱ्यात ऑफिसचा टॅब घेऊन बसली. झोप लागली का? भूक लागते का? छातीत भरून येतं का? एकेक प्रश्न ती पुन्हा पुन्हा बोलत होती, कानाला बरा लागेपर्यंत. शेवटचा राहिला. कुणाशी बोलावंसं वाटतं का?

टॅबवर ते रेकॉर्डिंग आहे. "कुनाशी," एवढं ती म्हणते, आणि तिचा फोन वाजतो. मग ती म्हणते, "हां पोपट. बोल. आयकते मी." चपला शोधल्याचा आवाज. दार. मागून आई, "जेवून तरी जा गो." पुढं बराच वेळ कोंबड्या, लांब कुठंतरी गाडी.

नम्रता त्यानंतर रोह्यालाच जास्त असते. दीना मॅडमनी दोनदा आठवण करून दिली. तो प्रश्न अजून बोलून व्हायचा आहे.