शफीभाईंचा लाल टॅग

नसरीनचा फोन आला तेव्हा मी मूलजवळच्या आमच्या शेतात, धानाच्या बांधावर उभा राहून पंपाची दोरी ओढत होतो. पंप नवा होता. जुन्या पंपाचं पेट्रोल इंजिन तिच्या अब्बांनी, म्हणजे शफीभाईंनी, ‘आठ दिवसांत वापस देतो’ म्हणून नेलं होतं आणि स्वतःच्या तीनचाकीला बसवून टाकलं होतं. ते आठ दिवस कधी संपले नाहीत. फोनवर नसरीन एवढंच म्हणाली, “काका, अब्बा गेले.” नागपूरच्या दवाखान्यात, सकाळी, हृदय थांबलं. मी फोन खिशात ठेवला आणि, सांगायला लाज वाटते, आधी पंप सुरू केला. पाण्याची काही घाई नव्हती, पण हातांना काहीतरी काम हवं होतं. पाणी वाहायला लागल्यावर बांधावर बसलो आणि मोठ्याने रडलो. पंपाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसेल.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. शफीभाई घुग्घुसचे. आम्ही दोघं त्या भागातल्या एका सिमेंट कारखान्यात जवळजवळ तीस वर्षं होतो. ते वेल्डर, मी ऑपरेटर. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. धाव तापवायची, लाल झाली की लाकडी चाकावर उतरवायची आणि पाणी मारायचं; थंड होताना लोखंड आवळतं आणि चाकाला असं धरतं की पुन्हा सुटत नाही. हे शफीभाई मला इतक्यांदा सांगत की त्यांच्या आजोबांना मी पाहिलंय असं मला वाटू लागलं होतं. माणूस उंच, सावकाश बोलणारा, कामात कमालीचा चोख. त्यांचा वेल्डिंगचा टाका घासून गुळगुळीत करावा लागत नसे. मी त्यांच्या उलट. हाताला ग्रीस लागलं की तीनदा साबण लावणारा, सगळं वहीत लिहून ठेवणारा, नियमांचा पक्का. निदान तसं सगळे समजत. खरं काय ते फक्त शफीभाईंना माहीत होतं.

ते खरं आता लिहूनच टाकतो. कारखान्यात सिमेंट दळायची मिल असते; घराएवढं लोखंडी पिंप आडवं टाकून गरगर फिरवावं तशी. आतल्या पट्ट्या झिजल्या की वेल्डरला माणूस जाईल एवढ्या झाकणातून आत उतरावं लागतं. उतरण्याआधी तो बाहेरच्या स्विचला आपल्या नंबरचा लाल पत्र्याचा टॅग लावतो. ‘माणूस कामावर आहे, सुरू करू नका.’ ज्याने लावला त्यानेच काढायचा. त्याला येता आलं नाही आणि त्याने कोणाला सांगितलं, तर त्या दुसऱ्याने झाकणाशी तोंड नेऊन तीनदा नाव घेऊन हाक मारायची, दरवेळी दहापर्यंत मोजायचं, आणि तिन्ही वेळा आतून काही आलं नाही तरच टॅग सोडायचा. मग कंट्रोल रूमला फोनवर ठरलेलं वाक्य सांगायचं, “आत कोणी नाही, सुरू करा.”

त्या दिवशी माझी पाळी संपत आली होती. शफीभाईंचा टॅग स्विचवर, पण त्यांची हिरवी लुना स्टँडवर नव्हती. आमच्याकडे माणूस आत आहे की बाहेर हे त्याच्या गाडीवरून कळायचं. हजेरीपेक्षा स्टँड खरं, असं आम्हीच म्हणायचो. लुना नाही म्हणजे शफीभाई घरी गेले, टॅग काढायला विसरले. हाक द्यायला दोन मिनिटंही लागली नसती. मी दिली नाही. टॅग काढला, फोन उचलला आणि ते वाक्य बोललो. सुरू होण्याआधी एक मिनिट भोंगा वाजतो, तो वाजू लागला. आणि पिंपाच्या पोटातून हातोडीचे ठोके ऐकू आले. ठण्… ठण्… ठण्. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं आणि भोंगा थांबला. शफीभाई झाकणातून बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत करडे. लुना त्यांचा सोबती तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला घेऊन गेला होता. ते पायरीवर बसले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मधूभाऊ, आवाज काऊन नाई देल्ला?”

बस, एवढंच. शिवी नाही, तक्रार नाही. वर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती. मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो, तर भाभींनी शेवया खायला घातल्या, आणि त्यांना काही माहीतच नाही हे मला पहिल्या घासाला कळलं. तिथून आमची मैत्री सुरू झाली, असं म्हणणं विचित्र आहे, पण तसंच झालं. पुढे पंचवीस वर्षं ईद आणि दिवाळी एकत्र, नसरीनच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशाला मी रांगेत, माझ्या मुलीच्या लग्नाचा मांडव त्यांच्या हातचा. मी अधूनमधून विषय काढायचो. “जाऊ दे ना भाऊ,” ते म्हणायचे. पण त्या दिवसानंतर त्यांनी आपला टॅग मला एकदाही काढायला सांगितला नाही. माझी पाळी असली की जेवायला गेले, नमाजला गेले, तरी स्वतः परत येऊन काढत. बाकी कोणालाही सांगत, मला नाही. मला तेवढंच हवं होतं. एकदा म्हणावं, मधूभाऊ, माझा टॅग काढ.

निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी शाल-श्रीफळ घरी नेलं, शफीभाईंनी टॅगही नेला. मग साखरेने त्यांचे तळपाय बधिर झाले. मोटरसायकलवरून दोनदा पडले. नसरीन आता चंद्रपूरला आयटीआयमध्ये शिकवते, घरातही तिचाच शब्द चालतो. तिने गाडीची चावी काढून घेतली. शफीभाई महिनाभर अंगणात बसून समोरून जाणारे कोळशाचे ट्रक मोजत राहिले. शेवटी नसरीनलाच दया आली आणि तिने मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दाखवला. जमिनीला टेकलेली तीनचाकी, पुढे मोठं चाक, मागे दोन बुटकी, त्यांच्यावर प्लास्टिकच्या कड्या. रबर जमिनीला धरतं, प्लास्टिक धरत नाही. म्हणून वळणावर मागची बाजू घसरते आणि गाडी भोवऱ्यासारखी आडवी फिरते. ड्रिफ्ट ट्राइक म्हणतात. शफीभाईंनी तो व्हिडिओ मला एका बैठकीत सात वेळा दाखवला. “पाह्य, हा माणूस पडून राह्यला का? नाई. पडाले जागाच नाई. बूड आधीच खाली हाय!” त्यांनी तिचं नाव ठेवलं फिसलगाडी. भाभींनी ठेवलं बुढापे का झूला.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काम सुरू झालं. जुन्या लोखंडी खाटेच्या पाइपांची चौकट झाली, सायकलचं पुढचं चाक आलं, मागे भंगारातला एक जाड दांडा दोन बेअरिंगांत बसवून त्यावर चाकं चढली. इंजिन माझं, हे सांगितलंच. बसायला लाल प्लास्टिकची खुर्ची, पाय कापून. माझ्याकडे एकच काम होतं, हँडलला इंजिन बंद करायचं बटण बसवणं, आणि त्याची वायर मी तीनदा बदलली म्हणून माझी बरीच चेष्टा झाली. सगळं अडलं ते कड्यांवर. बोअरच्या केसिंगचा निळा जाड पाइप कापून कड्या केल्या, पण टायरवर घट्ट बसेनात. हवा कमी करून बसवल्या तर दहा फुटांत निघून अंगणभर पळायच्या. नसरीनने स्क्रू मारून पाहिले, तर टायर फुटला. तीन दिवस शफीभाईंनी शेडचं दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी मी गेलो तर भाभींची बिर्याणीची सगळ्यात मोठी डेग शेडमधल्या चुलीवर उकळत होती आणि तिच्यात निळ्या कड्या. नरम झालेली कडी त्यांनी सांडशीने उचलली, टायरवर उतरवली आणि वरून लोटाभर गार पाणी ओतलं. कडी आवळली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, हलली नाही. “दादाजी असेच करत होते,” ते म्हणाले आणि डोळे पुसले. धुराने, असं सांगितलं. डेग मात्र भाभींनी पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही, आणि त्यावरून जे ऐकावं लागलं त्यात मलाही वाटा मिळाला.

काम संपलं की रोज संध्याकाळी शफीभाई भिंतीवरच्या खिळ्यावरून तो लाल टॅग काढत आणि मी बसवलेल्या बटणाला अडकवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्वतः काढून खिळ्याला लावला. मी कधी लवकर पोचलो, ते झोपलेले असले, तर मी शेडच्या दारात हाताची घडी घालून बसायचो. एकदा इंजिनातून पेट्रोल ठिबकत होतं, तरी मी गाडीला बोट लावलं नाही. खाली वाटी ठेवली आणि भाभींना म्हटलं, त्यांना उठवा. शफीभाई डोळे चोळत आले, वाटीत ठिबकणारं पेट्रोल बघून हसले. “लय कडक हाय बाप्पा हा माणूस,” म्हणाले आणि टॅग स्वतःच काढला.

बाजार नसलेल्या एका सकाळी आम्ही गाडी आठवडी बाजाराच्या सिमेंटच्या मैदानावर नेली. ओळीने टपरीवाले उभे राहिले. हेल्मेट घालून, पांढरी दाढी बाहेर काढून, शफीभाई त्या लाल खुर्चीत बसले. नसरीनने दोरी ओढली. पहिला वळसा घेताना गाडीची मागची बाजू घसरली, पूर्ण आडवी झाली, आणि चौसष्ट वर्षांचा माणूस आरडाओरड करत गोल फिरला. एकदा, दोनदा, पाच वेळा. बधिर झालेले पाय पुढे ताणलेले, तोंड उघडं. एवढं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. सहाव्या वळशाला सायकलचा ब्रेक लागला नाही आणि गाडी कोबीच्या पाल्याच्या ढिगात जाऊन थांबली. खुर्ची तडकली, शफीभाईंना खरचटलंसुद्धा नाही. कानात पाला घेऊन ते म्हणाले, “आता मोटरसायकलचं चाक टाकू, ड्रम ब्रेकसकट. ते होईस्तोवर कोणी हात नाई लावाचा.” घरी आल्या-आल्या टॅग लागला. खुर्चीच्या जागी ट्रॅक्टरची सीट आली. ब्रेकसाठी पुढचं चाक धरणारा फोर्क रुंद करायचा होता; त्याला त्यांनी तात्पुरते दोन कच्चे टाके मारून ठेवले, आणि तेवढ्यात दम लागायला सुरुवात झाली.

आमची शेवटची भेट दुपारच्या चहाची. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं विचारून टाकलं, “शफीभाई, ब्रेक झाल्यावर टॅग मी काढू का?” ते चहावर फुंकर मारत राहिले… “काम तं होऊ दे,” म्हणाले. मला तो नकार वाटला. या वयात, इतक्या वर्षांनी, मी लहान मुलासारखा रुसलो. नऊ दिवस घुग्घुसला गेलो नाही. त्याच नऊ दिवसांत त्यांना नागपूरला हलवलं. या रुसव्याचं मला आयुष्यभर वाईट वाटणार आहे आणि ते वाटायलाच हवं.

गेल्या रविवारी नसरीनने बोलावलं. शेडमध्ये गाडी उभी होती. फोर्क तिने पूर्ण जोडला होता, नवा ब्रेक बसवला होता. टाका बापाच्या हातासारखा, घासायला नको असा. बटणावर टॅग तसाच. “काका,” ती म्हणाली, “दवाखान्यात अब्बा म्हणाले, ब्रेक तू कर. पण टॅग मधूभाऊले काढू दे, त्याले माहीत हाय कसा काढाचा. मला काही समजलं नाही. टॅग काढायला काय माहीत असावं लागतं?”

पंचवीस वर्षं त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. भाभी दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मग भाभींनी मानेनेच गाडीकडे खूण केली.

मी टॅगसमोर उभा राहिलो आणि कारखान्यात द्यायची असते तशी, खणखणीत हाक दिली. “शफीभाई, आत आहात का?” दहापर्यंत मोजलं. बाहेरून एक ट्रक गेला. दुसरी हाक दिली, पुन्हा दहा मोजले. तिसरी हाक देताना भाभींनी पदर तोंडाला लावला, पण मी थांबलो नाही, हाक पूर्ण दिली आणि सावकाश, एकही आकडा न गाळता, दहा मोजले. काही आलं नाही. मी टॅग काढला, त्यांच्या खिळ्यावर लावला आणि नसरीनकडे वळलो.

“आत कोणी नाही,” मी म्हणालो, “सुरू कर.”