सहासष्ट पुस्तकांबाहेरचा पाठ

क्षमा करावी, हे मला दर रविवारी शिकवलं गेलं आणि मी ते शिकलेही. तरी एका माणसावर मी तीन वर्षं दात धरून होते, आणि त्यातला एकही दिवस फुकट गेला असं मला आजही वाटत नाही. उगाच सोज्वळपणाचा आव आणून लिहिण्यात काय अर्थ आहे?

हा माणूस आमच्या चर्चचा सेक्रेटरी. कोलकात्यातल्या त्या चर्चमध्ये मराठी घरं दोनच, एक त्याचं आणि एक आमचं. बाकी सगळी मंडळी बंगाली, थोडे अँग्लो-इंडियन. मी त्याला लहानपणापासून दादा म्हणायचे. नाताळात त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, हातच्या करंज्या आमच्याकडे यायच्या आणि त्यांच्याकडे आमच्या घरचा केक जायचा.

माझे बाबा नगरहून इथे आले ते बजबजच्या एका ज्यूट मिलच्या ऑफिसात नोकरीला. घर सियालदहजवळ. नोकरीखेरीज त्यांना एकच नाद होता. मंडळीत ज्याला कोणी नाही असं माणूस गेलं, की त्याला मातीपर्यंत पोचवायचं. कुणाची मुलं परदेशात, कुणी जन्मभर एकटंच. बाबा मिलमधून आले, ताटावर बसले आणि निरोप आला, की भात तसाच झाकून ठेवून निघायचे. दाराच्या खुंटीला त्यांचा एक पांढरा शर्ट कायम इस्त्री करून टांगलेला असे. आई चिडायची, "अहो, निदान आमटी तरी प्या!" पण बाबा चपला घालून बाहेर पडलेले असत.

ही सवय त्यांना लागली ती माझ्या आजीच्या बायबलातून. आजी वसईची कॅथलिक, आजोबा नगरचे प्रॉटेस्टंट. लग्नानंतर ती आजोबांच्या चर्चमध्ये जाऊ लागली, पण बायबल मात्र तिनं आपलंच ठेवलं. कॅथलिकांच्या जुन्या करारात सात पुस्तकं जास्त असतात. आमच्याकडे दोन्ही करार मिळून सहासष्ट, त्याबाहेरचं ते शास्त्र नाही, असं आम्हाला शिकवतात. त्या सातांपैकी एका पुस्तकात एका म्हाताऱ्याची गोष्ट आहे. परक्या मुलखात, राजानं मनाई केलेली असताना, हा भरल्या ताटावरून उठतो आणि रस्त्यात टाकून दिलेलं आपल्या माणसाचं प्रेत पुरून येतो. बाबांनी ती गोष्ट सातव्या-आठव्या वर्षी ऐकली आणि आयुष्यभर तेवढंच केलं.

शेवटच्या आजारात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मला पुरताना तो पाठ वाच. मराठीतून वाच. इथे कुणाला कळला नाही तरी चालेल." मी हो म्हटलं. दुसरं काही त्यांनी मागितलंच नाही.

दफनाच्या सकाळी मी पाठाची चिठ्ठी पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, दिली. पाळक आमचे भला माणूस, पण कमिटीपुढे त्यांचं मांजर होतं. त्यांनी चिठ्ठी सेक्रेटरीला दाखवली. पेटी वेदीसमोर ठेवलेली, लोक बाकांवर बसलेले, मी आजीचं बायबल छातीशी धरून उभी, आणि हा माझ्यापाशी आला.

"अगं, हे नाही वाचता येणार."

"का?"

"ते शास्त्र नाही. यहुद्यांनी त्यांच्या शास्त्रात ते घेतलं नाही. प्रभूनं किंवा प्रेषितांनी त्याचा कुठे आधार घेतलेला नाही. चर्चमध्ये उभं राहून गोष्टी वाचायला लागलो तर उद्या कुणी काहीही घेऊन येईल. तू शिकलेली आहेस, समजून घे."

"दादा, बाबांनी सांगितलं होतं."

"काकांचं वय झालं होतं," तो म्हणाला.

बाबांचं वय झालं होतं! पेटीच्या चार फुटांवर उभं राहून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं माझ्या हातातलं बायबल हळूच काढून बाकावर ठेवलं, स्वतः पुढे गेला आणि एक स्तोत्र इंग्रजीतून वाचलं. वाचलं चांगलं, ते नाकारत नाही. मी मात्र त्या क्षणापासून त्याला दादा म्हणणं सोडलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ह्या माणसाचे वडील गेले तेव्हा शहरात बंद होता. शववाहिका नाही, टॅक्सी नाही, पेटी उचलायला माणसं नाहीत. बाबांनी कुठूनशी मालाची एक सायकल-व्हॅन मिळवली, पेटी तिच्यावर दोरीनं बांधली आणि कबरस्तानापर्यंत स्वतः मागून ढकलत नेली. हा तेव्हा वीसेक वर्षांचा, रडत मागून चालत होता. त्याच माणसाला माझ्या बाबांसाठी दोन पानं जड झाली.

त्यानंतर मी अभ्यासाला लागले. शाळेत इतिहास शिकवते, शोधायचं कसं ते मला कळतं. ही पुस्तकं पहिल्या शतकांतले ग्रीक बोलणारे ख्रिस्ती वाचत होते. पुढे विद्वानांत वाद झाला. कुणी म्हणालं मूळ हिब्रूत नाहीत म्हणून नकोत, कुणी म्हणालं पूर्वज वाचत आले म्हणून हवीत. आमच्याच परंपरेतल्या जुन्या इंग्रजांनी मधली वाट काढली. ह्यांच्यावर सिद्धान्त उभा करू नये, पण चांगल्या वागण्याचा धडा म्हणून खुशाल वाचावीत. म्हणजे बाबांना हवं होतं ते आमच्या पूर्वजांनीच मान्य केलेलं! मी हे सगळं नीट लिहून कमिटीला पत्र दिलं आणि बाबांच्या कबरीच्या दगडावर त्या पाठातली एक ओळ कोरायची परवानगी मागितली. उत्तर सेक्रेटरीच्या सहीनं आलं, दोन ओळींचं. नाही.

बरं, म्हटलं. बघू.

आणि मग एका दुपारी आजीचं बायबल चाळताना मला घबाड सापडलं. त्या सातांपैकीच दुसऱ्या एका पुस्तकात बाबांनी एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. देह मातीला गेले तरी नाव पिढ्यान्‌पिढ्या राहतं, अशा अर्थाची ओळ. समासात बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'वहिनींना पाटीसाठी दिली.' वहिनी म्हणजे काकू. पाटी म्हणजे सेक्रेटरीच्या वडिलांच्या स्मरणार्थ आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी. तिच्यावर इंग्रजीत हीच ओळ कोरलेली आहे. मी जन्मभर ती पाहत आले होते. ह्या शहरातल्या साहेबांच्या जुन्या थडग्यांवरही तसल्या ओळी असतात, म्हणून कुणी कधी विचारलंच नाही ती कुठली. सगळे धरून चालले होते, की स्तोत्रांतली असेल.

मी इतकी हसले की शेजारची बाई दारात आली. "की होलो, दीदी?" काय झालं म्हणून तिनं विचारलं. काही नाही म्हटलं, जुना हिशेब... नाही, हिशेब हा शब्द मी वापरला नाही. "वडिलांची आठवण आली," असं म्हटलं.

त्याच वर्षी माझ्या पत्रांना वैतागून सेक्रेटरीनं वार्षिक सभेत ठराव आणला. उपासनेत, कबरीपाशी, भिंतीवर किंवा दगडावर सहासष्ट पुस्तकांबाहेरचं एक अक्षरही असू नये, आधीचं असल्यास काढून टाकावं. 'आधीचं असल्यास' हे त्यानं स्वतःच्या हातानं घातलेलं होतं. जुन्या खिडक्यांवरच्या कसल्याशा चित्रांविषयी त्याला शंका होती म्हणे.

उपासनेनंतर हॉलमध्ये सभा भरली. चहा, पॅटिस, कागदी बशा. त्यानं ठराव वाचला आणि अनुमोदन मागितलं. मी हात वर केला. सगळे वळून बघायला लागले. सेक्रेटरी तर विरघळलाच. "बघा, आमची बहीणच अनुमोदन देतेय," तो म्हणाला. आमची बहीण! ठराव एकमतानं झाला. वहीत लिहिला गेला. मी तो पुरता लिहून होईपर्यंत थांबले, पॅटिस संपवलं, हात पुसले आणि उठले.

"मग उत्तरेकडच्या भिंतीवरची पाटी कधी काढायची?" मी विचारलं.

कुणाला काही कळेना. मी पुस्तक सांगितलं, अध्याय सांगितला. लोकांनी मोबाइल काढले. अर्ध्या मिनिटात हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी अगदी मन लावून पाहिला. दुसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या, अठ्ठ्याऐंशीच्या, कानानं अधू. दर रविवारी त्या उपासनेआधी त्या पाटीवरून एकदा हात फिरवतात. त्या शेजारणीला विचारत होत्या, काय झालं, काय झालं. शेजारणीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बंगालीत सांगितलं. मी तिकडे बघितलं नाही. तेवढं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मायलेक माझ्या घरी आली. काकू जिना चढताना दोनदा थांबल्या. मी पाणी दिलं.

"अगं, ती ओळ तुझ्या बाबांनीच मला दिली होती," काकू म्हणाल्या. "आमचे हे गेले तेव्हा मला काही सुचत नव्हतं. त्यांनीच ती शोधून कागदावर लिहून आणली."

"ठाऊक आहे, काकू."

"ठाऊक आहे?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ठाऊक असून केलंस?"

केलं होतं खरं. बाबा असते तर त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला असता. लाज वाटली, ती वाटलीच, पण राग त्याहून मोठा होता आणि तो समोर खुर्चीत बसला होता.

"पाळक म्हणतात, अनुमोदन देणारीनं लेखी मागणी केली तर ठराव पुन्हा सभेपुढे घेता येतो," सेक्रेटरी खाली बघत म्हणाला. "काय हवंय तुला? काकांच्या दगडावर ओळ? घाल. मी आड येत नाही."

"दगड नको. पाठ वाचायचा, बाबांच्या कबरीपाशी. सगळा, मराठीतून. आणि तुम्ही वाचायचा."

"मी? माझा त्याच्यावर विश्वास नाही. मी ते शास्त्र मानत नाही, हे तुला माहीत आहे."

"मानायला कोण सांगतंय? वाचा."

त्यानं काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "वाच रे." मग तो हो म्हणाला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघंच कबरस्तानात गेलो. माझ्या पर्समध्ये मागणीचा कागद होता, सही बाकी ठेवलेली. मी आजीचं बायबल त्याच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिले. त्याचा जन्म इथला, मराठी घरात बोलण्यापुरतं, वाचायची सवय नाही. जोडाक्षरं आली की अडखळायचा, बोट ठेवून पुढे सरकायचा. मानेवर घाम आला होता. म्हातारा ताटावरून उठतो त्या ओळीपाशी तो थांबला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी हे सगळं डोळे भरून बघत होते. तीन वर्षं हेच तर हवं होतं मला. भोग, म्हटलं मनात, भोग.

त्यानं शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. "झालं," तो म्हणाला.

झालं? मी बाबांच्या नावाकडे बघितलं. दोन पानं वाचून झाली होती आणि त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. सगळा वेळ त्याचा घाम बघण्यात गेला होता. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एकमेव गोष्ट त्यांच्या पायाशी उभं राहून घडली, आणि मी तिथे नव्हतेच.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी अजून सूड उगवतेय. त्याचा चेहरा पडला, पण तो भांडला नाही.

"अजून किती वेळा?" त्यानं विचारलं.

"मला ऐकू येईपर्यंत," मी म्हटलं. आवाज माझाच फुटला.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.