गोदाने खारवलेली रोपं

गोदा, माझी बायको, माती चाखायची. दादरच्या पलीकडे मिठागरांना लागून आमचं भातशेत. तिथल्या बांधावर उकिडवी बसून चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि थुंकून हुकूम सोडायची. शेजारणी हसायच्या, या वयात कसले डोहाळे गो, म्हणायच्या. ती सुनावायची, "तुमच्या जिभेला चव असती तर तुमचे नवरे जेवताना कुरकुरले नसते." असं तोंड. मी त्या तोंडाबरोबर उभा जन्म सुखात काढला.

शेत गिरगावच्या एका शेटजींचं, आम्ही अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर करायचो. एका साली भरतीने बांध फुटला, जमीन खारावली, दोन वर्षं दाणा दिसला नाही. शेटजी म्हणाले, यंदा पीक आलं नाही तर भराव टाकून चाळ बांधतो. म्हणजे मग आम्हाला गिरणीत मजुरी. गोदाला भोंग्यावर उठायचं नव्हतं.

मी कोकणातला. रोपाच्या जागेवर पाला आणि शेण पसरून जाळायचं, राब भाजायचा, एवढंच मला ठाऊक. त्या तिसऱ्या साली दुप्पट भाजला. रोपं पिवळी पडली. गोदाने माती चाखली. म्हणाली, तांबड्या मातीला राख मानवते, या मातीला तीच जाळते. "वाडवडलांनी केलं म्हणून तुमी मीठसुद्धा भाजाल."

उरलेलं बी तिने राख नसलेल्या कोपऱ्यात पेरलं. रोपं बोटभर झाल्यावर विहिरीच्या पाण्यात खाडीचं पाणी मिसळून घालू लागली. आधी ओंजळभर, मग रोज थोडं जास्त. मी बोंब मारली, की उरलंसुरलंही मारतेस. ती शांतपणे म्हणाली, "मूळ आधी चाखतं. मग वर पानाला सांगावा धाडतं, बाये, दिवस वाईट हायत, नटू नको. पान ऐकतं. तुमीच तेवढे ऐकत न्हाय."

सांगावा नेतं कोण, मी विचारलं.

"मला काय ठाऊक? तुमी रागावून गप बसता, ते मला कोण येऊन सांगतं?"

लावणी झाली आणि रोपं खाऱ्या चिखलात तग धरून राहिली. आश्विनात शेटजी जोडे हातात घेऊन बांधावर आले, खत कुठलं विचारू लागले. गोदाने त्यांच्या तळहातावर माती ठेवली. आमच्या घरचं पाणी न पिणारा माणूस, पण लोंब्या बघून भुलला आणि चाटून बसला. त्यांचं तोंड पाहून गोदा हसत हसत बांधावरच बसली. शेटजीही हसले. चाळ बांधायची राहिली.

यंदा चैत्रात तीन दिवसांच्या तापाने ती गेली. शेटजींचा कारकून दुखवट्याला आला. म्हणाला, आता एकट्याने कसं करणार, शेत सोडा. पाऊस लागल्यावर मी बी पेरलं. खाडीचं पाणी किती घालायचं ते मी कधी विचारलंच नव्हतं. जास्त घालून पहिली रोपं मारली. दुसरी जगली.

काल कारकून उत्तर न्यायला आला. मी म्हटलं, लावणीला माणसं कमी आहेत, धोतर खोच आणि उतर.