देवीचा हात
ओल्या जाळ्याचा वास आला की चांद्याच्या जंगलातलं पन्नासच्या दशकातलं आमचं गाव आणि बाबांचा उजवा हात आठवतो. बाबा नुसते बसले की तो कापायचा, अंगठा बोटांवर फिरायचा, जणू तंबाखूच मळताहेत. गावानं ठरवून टाकलं, यांच्या अंगात देवी येते. बाया लिंबू घेऊन यायच्या, त्या हाताला हळदकुंकू लावून विचारायच्या, "माय, यंदा तलाव भरन का?" बाबा खवळायचे, "मी काई माय नाई!" पण तलावातली मासोळी काढायच्या दिवशी आमच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मुखियानं हात जोडून त्यांना काठावरच अडवलं. "देवीच्या हाताले मासोळीचा विटाळ नको, भाऊ. घरी बसा, तुमचा वाटा पोचवतो." बाबांनी त्याच्या खांद्यावरचं जाळं ओढून घेतलं, गुडघाभर पाण्यात शिरले आणि फेकलं. फेकताना तो हात जराही कापला नाही. जाळं हवेत गोल उघडलं आणि सर्रकन पाण्यावर पडलं. शेवाळाच्या वासासकट ते ओढून बाबा काठावर टेकले, तसा हात पुन्हा तंबाखू मळू लागला. "पाह्यलं? काम दिसलं का पळून जाते, अशी कोणती देवी रायते? हे कापणं माहं आहे. देवीले काऊन बदनाम करता?" आता माझाही हात तसाच कापतो. डॉक्टर म्हणतात, मेंदूकडून हाताला येणारा हुकूम बिघडलाय. काल भाजी चिरायला घेतली, तर सुनेनं "तुम्ही बसा" म्हणत विळी उचलली. मी म्हटलं, "आण इकडं. मी अजून देवी झाली नाई."