पूजेची माती

श्रीगजाननाला आणि भूमातेला वंदन करून लिहितो. श्रावणी सोमवार होता. पार्थिव शिवलिंगासाठी माती आणायला नेहमीप्रमाणे शेजारच्या वहिनींच्या परसात गेलो. भिंतीपलीकडचा पेट्रोल पंप कधीच बंद पडला. जमिनीतली टाकी मात्र नकळत झिरपत राहिली. आता परसात माती तपासणारी माणसे आली आहेत. त्यांनी जमिनीत नळ्या सोडल्या आहेत आणि एक यंत्र आतली पेट्रोलची वाफ अखंड ओढत असते.

सवयीने मूठभर माती नाकाशी नेली. पूजेची माती आम्ही अशीच पारखतो.

"आजोबा, हुंगू नका!" तपासणीला आलेली मुलगी ओरडली.

"अगं, जन्मभर तपकीर ओढलीय त्यांनी, त्यांना काय होतंय?" वहिनी पायरीवरून म्हणाल्या. मग आवाज उतरला. "मला घर सोडावं लागेल का गं?"

"वाफ तुमच्या घरात शिरतेय, आजी. ती निघून जाईपर्यंत तरी."

"म्हणजे कधीपर्यंत?"

मुलीने यंत्रावरचा आकडा वहीत टिपला.

गंध हे पृथ्वीचे लक्षण, असे पाठशाळेत शिकलो होतो. मुठीतल्या मातीला पेट्रोलचा वास येत होता. मला दुःख व्हायला हवे होते. काहीच झाले नाही. माती जिथली तिथे ठेवली आणि लिंगासाठी आणलेले बेलाचे पान तिच्यावरच वाहिले.

"चला वहिनी, आमच्याकडे," एवढेच म्हणालो. त्यांनी दाराला कुलूप लावले.

वाचकहो, तुमच्या उंबऱ्याखालची भूमी निर्मळ राहो, आणि घरातल्या कुणालाही तो उंबरा सोडावा न लागो.