कितपतबाई

पोटात दुखतंय म्हणून कुणी वर्गातून घरी जायला निघालं, तरी आमच्या बाई आधी विचारायच्या, "कितपत?" रत्नागिरीत कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या. मुलांनी त्यांचं नाव कितपतबाई पाडलं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चारचौघांत मिसळायची माणसाला किती भीती वाटते, हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली आपल्याकडच्या माणसांसाठी मराठीत आणायची, हा त्यांचा ध्यास. प्रत्येक प्रश्नापुढे चार उत्तरं: अजिबात नाही, थोडी, बरीच, फारच.

हजेरीला 'हजर' म्हणायची वेळ आली की मी नुसता हात वर करायची. अशा मुलीलाच त्यांनी प्रश्नावल्या भरून घ्यायला बरोबर का नेलं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. लांज्याला काजूच्या कारखान्यातल्या बायकांनी 'अनोळखी लोकांच्या पार्टीला जाताना भीती वाटते' यापुढे एकजात 'अजिबात नाही'वर खूण केली. मला त्या बायकांच्या धिटाईचं कोण कौतुक वाटलं. बाई म्हणाल्या, "अगो, त्या जन्मात पार्टीला गेलेल्या नाहीत. घाबरतील कशाला?" मग त्या बायकांतच बसल्या आणि छातीत धडधडतं कधी, ते विचारू लागल्या. एकीने सांगितलं, हळदीकुंकवाला नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला की ती मागल्या दाराने पळते. बाईंनी तिथेच पार्टी खोडली आणि नाव घेणं लिहिलं.

परतताना एसटीत त्यांनी तोच प्रश्न मला विचारला. उत्तर द्यायला मला हातखंबा यावा लागला. कुणाच्या दारात पाहुण्यांच्या चपला दिसल्या की मी तिथूनच परत फिरते, असं मी खिडकीकडे बघत सांगितलं. इतरांसारख्या त्या हसल्या नाहीत, की वेडी आहेस असंही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "कितपत?" मी म्हटलं, "फारच." तो त्यांच्या प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न झाला. पुढे भरून आलेले कागद चाळताना त्या मला म्हणाल्या, "बघ, लांज्यापासून हेदवीपर्यंत तुझी भावंडं पसरलीत." त्या दिवशी मला किती हलकं वाटलं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी चार वाजता कॉलेज सुटलं की बाईंकडे जायची, तेव्हा पायरी नेहमी मोकळी असायची. मला वाटे, यांच्याकडे कुणी येतच नसावं. एकदा आत गेले तर ओटीवर चार पाहुणे कोकम सरबत पीत बसलेले आणि त्यांच्या चपला दारामागे. बाईंनी सहज माझ्याही हातात पेला दिला आणि मी मुकाट्याने बसले.

मागल्या वर्षी बाई आजारी पडल्या. मी भेटायला गेले. फाटकाची कडी काढली आणि पाहिलं, तर पायरी चपलांनी भरलेली. अंथरुणाला खिळलेल्या बाई त्या कशा उचलणार? गर्दी ओसरली की येऊ, असं म्हणत मी कडी परत लावली. सहाव्या दिवशी बाई गेल्या.

त्या दिवशी चपला अंगणापर्यंत आल्या होत्या. मीही माझ्या त्यांतच काढल्या आणि आत गेले. बाईंची धाकटी बहीण शुश्रूषेला येऊन राहिली होती. ती मला ओळखत नव्हती. मी नाव सांगितलं, तशी माझा हात धरून म्हणाली, "चौदावा प्रश्न तुझाच ना गो? फाटकाची कडी वाजली आणि आत कोणी आलं नाही, तेव्हा ताई म्हणाली, ती येऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की सगळ्यांच्या चपला आत घ्यायला लावायची. पाच दिवस घेतल्या मी."

ते पाचही दिवस मी मिरजोळ्याला माझ्या घरी होते, रिक्षाने पंधरा मिनिटांवर.

बाईंची फार आठवण येते. कितपत, ते विचारायला त्या हव्या होत्या.